एकादशीचे रातकिडे

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलेल्यांना पूर्वरंगातच झोप लागते, हा अनुभव जुना आहे. आजची गोष्ट राजाची नाही आणि राणीचीही नाही. कैनाडच्या एका चिकूच्या वाडीत आश्विनातल्या एकादशीला जे घडलं, ते घडलं तसं सांगायचं आहे. गोष्टीत एक तपस्वी आहे, एक भजनी मंडळी आहे आणि हिरवी मिरची घातलेली भगर आहे. तेवढ्यावर भागेल.

राऊतांच्या घरी मागच्या खोलीत चिकूची रिकामी खोकी रचलेली असत. तिथल्या फळीवर दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या. एक काचेची मोठी बरणी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलेली. आत एक काडी आणि काडीवर बोटभर लांबीचा हिरवा किडा, पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे दुमडलेला. पुस्तकात त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात. दुसरा, जाळीचं झाकण घातलेला निळा टब. त्यात रातकिडे.

दोन्हींची मालकीण घरची सून भाविका. ती तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. हिरवा किडा नखाएवढा होता तेव्हापासून तिने वाढवला होता. त्याची आता एकच कात टाकायची राहिली होती. ती टाकली की त्याला पंख फुटणार होते. द्वादशीला तालुक्यातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, आणि पंख फुटलेला किडा मुलांपुढे ठेवायचा, एवढ्या एका गोष्टीवर भाविकाचा श्रावणापासून जीव टांगलेला होता.

किडा काय खातो, हे मात्र तिने सासूला सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगायला हरकत नाही. तो रातकिडे खायचा. जिवंत.

म्हणून तर रातकिड्यांची एवढी बडदास्त. रातकिड्याच्या पोटात जे जातं तेच शेवटी किड्याच्या पोटात जातं, असा सरळ हिशेब. त्यांना गव्हाचा कोंडा, गाजराचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड. तीही फवारणी न केलेल्या वेलीची. पाण्याची वाटी ठेवायची नाही, कारण रातकिडे त्यात बुडून मरतात. ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. एक दिवसाआड लेंड्या झाडायच्या, मेलेले उचलायचे. आणि बसायला अंड्यांचा रिकामा ट्रे, कारण त्याच्या खाचाखोचांत त्यांना सुरक्षित वाटतं.

गोष्ट सुरू झाली ती या ट्रेपासून.

सासूबाई म्हणजे नर्मदाकाकी. वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. कीर्तन कुठे आहे एवढं कळलं की गुडघे विसरून चालायला लागायच्या. खोकी आणायला मागच्या खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या.

“भाविका, हे काय गं?”

“काय, आई?”

“हे. अंड्यांचं आहे हे.”

“ट्रे आहे, आई. रिकामा. रातकिड्यांना बसायला बरं पडतं.”

“माझ्या गुडघ्यांना बसायला बरं पडेल असं या घरात काही नाही, आणि रातकिड्यांना आसन! पण पाळलेस कशाला?”

इथे भाविकाने पूर्ण उत्तर द्यायला हवं होतं. पण समोर गळ्यात तुळशीची माळ होती.

“मुलांना दाखवायला,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. अर्धं होतं.

काकींनी चिमट्याने ट्रे उचलला आणि वाडीत काम करणाऱ्या लाहूच्या हवाली केला. मग चिकूच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याला लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा घड्या घातल्या आणि टबात उभा केला. रातकिडे त्या घड्यांत जाऊन बसले. संध्याकाळी काकी देवापुढे भजन म्हणायला बसल्या तशी मागच्या खोलीतून बारीक, एकसुरी साथ सुरू झाली. काकींनी एक ओळ थांबून ऐकलं. साथ थांबली नाही.

“सुरात आहेत गं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून रातकिड्यांचं नाव ‘मंडळी’ पडलं आणि त्यांची सेवा काकींनी स्वतःकडे घेतली. कोंडा चाळून, गाजराच्या चकत्या पातळ, भोपळा साल काढून. लेंड्या झाडायला देवघरातला जुना कुंचा. मेलेला दिसला की तुळशीच्या मुळाशी. भाविका पाहत राहिली. एवढी निगा तिला स्वतःला जमली नव्हती.

राहता राहिला हिरवा किडा. काकींनी बरणीला नाक लावून त्याला न्याहाळलं. किडा हात जोडून होता. काकींनीही नकळत जोडले.

“हा काय खातो गं?”

“फारसं नाही, आई. तीन-चार दिवसांतून एकदा.”

“तीन-चार दिवसांतून! आणि आम्ही पंधरवड्याला एक उपास करतो, त्यात साबुदाणा वडे, आणि वर गावभर सांगतो.”

किड्याचं नाव ‘महाराज’ झालं. रोज सकाळी बरणीवर तुळशीचं एक पान पडू लागलं. आणि तीन-चार दिवसांतून एकदा, काकी फुलं काढायला बाहेर गेल्या की भाविका चिमट्यात मंडळींपैकी एक धरून बरणीत सोडायची आणि पाठ फिरवायची. काकी परत येईपर्यंत महाराज तोंड पुसून पुन्हा हात जोडून उभे.

हे लाहूला ठाऊक होतं. लाहूचं वय पन्नाशीचं, सगळं आयुष्य झाडाखाली गेलेलं; कुठलं पाखरू काय खातं हे त्याला शिकवायला शाळा लागत नव्हती. एकदा खोकी ठेवताना तो म्हणाला, “काकी, हा हात जोडून उभा हाय ना, तो देवासाठी नाय.”

“मग कोणासाठी?”

लाहूने भाविकाकडे पाहिलं. भाविकाने लाहूकडे असं काही पाहिलं की तो खोकी मोजायला लागला.

“मला काय ठावं, काकी. मी चिकू तोडणारा माणूस.”

पुढच्या आठवड्यात काकी म्हणाल्या, “मंडळी कमी झाल्यासारखी वाटते गं.”

“हवा बदलतेय ना, आई,” भाविका म्हणाली. हेही अर्धंच. भाविकाकडे आता अर्ध्या वाक्यांचा बराच साठा झाला होता.

मग एकादशी आली. दुपारी चार वाजता राऊतांच्या ओटीवर कीर्तन ठरलं होतं. गंजाडचे सुदामबुवा येणार होते. साडेसहाच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं, म्हणून चारची वेळ. आणि नेमकं त्याच दिवशी भाविकाला तलासरीला जाऊन प्रदर्शनाचे तक्ते लावायचे होते.

निघताना तिने बरणी पाहिली. महाराजांनी तीन दिवस काही खाल्लं नव्हतं आणि आता ते काडीला उलटे लटकले होते. भाविकाने ओळखलं, कात आजच पडणार. तिने नवऱ्याला गाठलं.

“जतीन, नीट ऐक. किडा आज कात टाकणार. त्याला अजिबात हलवायचं नाही. रातकिडा तर त्याच्याजवळ न्यायचाच नाही. कात टाकताना किडा एकदम नरम असतो, रातकिडे भुकेले असले तर उलट त्यालाच खातात. आणि रातकिड्यांना कोंडा भरपूर घाल. कळलं?”

जतीनच्या कानाला फोन होता. पलीकडे वापीचा व्यापारी होता. “हो हो, चांगले मोठे मोठे, आजच,” जतीन म्हणाला. हे उत्तर कोणाला होतं, ते जतीनलाही नंतर सांगता आलं नाही.

ती गेल्यावर त्याने निरोप आईकडे पोचवला. “आई, भाविका म्हणाली, किड्यांचं बघ.”

काकी बघायला गेल्या. टबात कालचा कोंडा होता. कोंडा गव्हाचा. गहू म्हणजे धान्य. आणि आज एकादशी! माझ्या घरात, बुवांचं कीर्तन असताना, मंडळींच्या तोंडी धान्य? काकींनी टब पार रिकामा केला. गाजराबद्दल मनात शंका होती, म्हणून तेही काढलं. कापसाचा बोळा मळकट दिसला. तो धुऊन दोरीवर वाळत घातला. आणि फराळ म्हणून वाटीभर भगर ठेवली. चांगली, तुपातली, जिरं आणि हिरवी मिरची घातलेली.

रातकिडे भगरीपर्यंत आले. एकाने मिशा लावून पाहिल्या. मग सगळे पुठ्ठ्याच्या घड्यांत परत गेले.

“काकी, ते नाय खात,” लाहू म्हणाला.

“कडक धरतायत उपास,” काकी म्हणाल्या.

मग त्यांनी महाराजांना पाहिलं आणि थक्क झाल्या. “लाहू, शीर्षासन! एकादशीला शीर्षासन!”

“काकी, त्याला राहू दे तसाच. भाविकाताई काय बोलली?”

“तिनेच सांगितलंय, बघा म्हणून.”

लाहू खोक्यांकडे गेला. काकी मात्र उभ्या राहून विचार करू लागल्या. बाहेर कीर्तन होणार, आणि एवढा मोठा तपस्वी मागच्या खोलीत एकटा, काचेत कोंडलेला. मंडळी वेगळी, तो वेगळा. सत्संग म्हणून काही असतो की नाही? पावणेचारला त्यांनी बरणीचं कापड सोडलं, काडी हलक्या हाताने महाराजांसकट उचलली आणि टबात, मंडळींच्या अगदी मधोमध, उभी केली. टबावर स्वच्छ पंचा टाकला आणि टब ओटीवर, पेटीवाल्याच्या जागेशेजारी नेऊन ठेवला. भाव एवढा शुद्ध होता की त्या वेळी कोणी अडवलं असतं तर त्यालाच पाप लागलं असतं.

सुदामबुवा आले. पेटीवर त्यांचा भाचा मनिष. आख्यान लावलं होतं शरण आलेल्या कबुतरासाठी ससाण्याला स्वतःच्या मांडीचं मांस तोडून देणाऱ्या राजाचं. बुवांचा गळा उत्तम, आणि ते त्यांना माहीत होतं. पूर्वरंग रंगला. एका लांब आलापानंतर बुवा थांबले, ओटी शांत झाली, आणि त्या शांततेत पंच्याखालून साथ उठली.

बुवांनी भुवई उंचावली. “हे कोण?”

“आमची मंडळी, बुवा,” काकी म्हणाल्या.

“सूर सोडत नाहीत,” बुवा म्हणाले. मनिषकडे बघून म्हणाले. मनिषने पेटीचा भाता जरा जोरात ओढला.

मध्यंतराला सगळ्यांना बुक्का लागला. एक चिमूट काकींनी टबाच्या कडेलाही लावली. उत्तररंग सुरू झाला, आणि थोड्याच वेळात साथ बंद पडली.

काकींना वाटलं, मंडळी तल्लीन झाली. पण रातकिडा गप्प होतो तो दोनच कारणांनी. एक तर कोणी जवळ आलं म्हणून, नाहीतर तोंड कामात आहे म्हणून.

पावणेसहाला भाविका परतली. ओटीवर गर्दी, म्हणून मागच्या दाराने आत शिरली. बरणी रिकामी. तशीच ती ओटीच्या दाराशी आली. दाराला टेकून जतीन बसला होता.

“किडा कुठाय?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

“कीर्तनाला.”

“काय?”

“आईने बसवलाय. मंडळींबरोबर. तूच म्हणालीस ना, बघा म्हणून?”

“जतीन, मी म्हणाले होते, हलवू नका म्हणून! आणि कोंडा घातलास?”

जतीनने आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती. उत्तर लाहूने दिलं. तो पायरीवर बसला होता. “नाय घातला, ताई. एकादशी. भगर दिली मिरचीची. पाणी पन नाय. सकाळधरून उपाशी हायत सगळे.”

समोर बुवा राजाला तराजूपाशी घेऊन आले होते. राजा मांस कापून टाकतो, कबुतराचं पारडं काही उचलत नाही. बुवांचे डोळे मिटलेले, बायकांचे डोळे पदराला. भाविका वाकून, लोकांच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि तिने पंचा आणि झाकण एकदम उचललं.

दिवसभर उपाशी असलेली मंडळी उजेड पाहताच उडाली. एक बुवांच्या पागोट्यावर. दोन पुढच्या रांगेतल्या ठकीमावशींच्या मांडीवर. बाकीची, जिथे जागा दिसेल तिथे. ठकीमावशी किंचाळून उठल्या, त्यांच्यामागे त्यांची रांग उठली, मग तिच्या मागची. सगळे उड्या मारू लागले. मिटल्या डोळ्यांच्या बुवांना पायांची थाप ऐकू आली. तीस वर्षांच्या कीर्तनात आख्यान असं रंगलं नव्हतं. त्यांनी चिपळ्या चढ्या लयीत घेतल्या आणि मोठ्याने नामघोष सुरू केला.

“मामा, थांबा! मामा, किडे!” मनिष ओरडला.

बुवा थांबले. डोळे उघडले.

भाविकाच्या हातात काडी होती. काडीवर महाराज होते. जुनी कात खाली पडली होती. अंग फिकट, ओलं. पंख बाहेर आलेले आणि हळूहळू उलगडत असलेले. पण मागचा एक पाय गेला होता, आणि दुसऱ्याला एक रातकिडा अजून धरून होता. भाविकाने तो बोटाने काढला. 

“अरे देवा,” काकी म्हणाल्या. “मंडळींनी महाराजांना चावलं?”

त्यांनी टबाकडे बोट केलं.

“ज्यांच्यासाठी मी गाजराच्या चकत्या केल्या, त्यांनी? एकादशीला? बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात…”

“आई,” भाविका म्हणाली, “तो अध्यात मध्यात आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते त्याचं जेवण आहे. रातकिडे. मी तीन-चार दिवसांनी सकाळी एक देते. तुम्ही फुलं काढायला गेलात की. एवढं खायला-प्यायला घालत होते ते त्याच्यासाठी. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चूक माझी.”

काकी खाली बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी एकदा महाराजांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या टबाकडे.

“म्हणजे मी इतके दिवस नैवेद्य शिजवत होते,” त्या म्हणाल्या. “आणि नैवेद्यालाच उपास घातला.”

“काकी,” लाहू म्हणाला, “दिवसभर मला मिरचीची भगर दावून उपाशी ठेवलं असतं, तर मी पन चावलो असतो.”

काकी बुवांकडे वळल्या.  “बुवा, तुम्हीच सांगा. पाप कोणाचं?”

सुदामबुवांनी पागोट्यावरचा रातकिडा अलगद उतरवला. घड्याळ पाहिलं. सहा वाजायला दहा कमी होते.

“काकी, राजाने कबुतर वाचवलं हे सगळे लक्षात ठेवतात. पण त्याने ससाण्याला हाकललं नाही. भूक खरी आहे, असं म्हणून तराजू मागवला. तुम्ही दोघांनाही प्रेमाने वाढलंत; भूक कोणाची काय आहे, तेवढं विचारायचं राहिलं. आता आरती घ्या, माझी गाडी चुकेल.”

आरती झाली. मंडळींपैकी जे सापडले ते टबात गेले. त्या संध्याकाळी नर्मदाकाकींनी स्वतःचा फराळ तसाच झाकून ठेवला आणि आधी टबात कोंडा घातला, गाजर घातलं, कापसाचा बोळा ओला करून ठेवला. रातकिडे धावून आले.

“एकादशी आहे, आई,” जतीन म्हणाला.

“उपास माझा आहे,” काकी म्हणाल्या. “तू गप बस. तुझ्या फोनमुळे झालंय हे.”

दुसऱ्या दिवशी तलासरीला महाराज पाच पायांवर उभे राहिले. पंख मात्र दोन्ही पुरे, पोपटी, काचेसारखे. मुलांची झुंबड उडाली. भाविकाने तक्त्यावर सकाळी एक ओळ वाढवली होती: ‘खाद्य म्हणून पाळलेले कीटक उपाशी ठेवल्यास ते पाळीव कीटकावर हल्ला करतात. प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध.’

परीक्षकांनी चष्मा वर केला. “बाई, हा प्रयोग तुम्ही स्वतः केलात?”

“नाही सर. माझ्या सासूबाईंनी.”

परीक्षकांनी मागे उभ्या असलेल्या, तुळशीची माळ घातलेल्या नर्मदाकाकींकडे आदराने पाहिलं. काकी हात जोडून उभ्या होत्या. दुसरं बक्षीस आलं. प्रशस्तिपत्रावर लिहून आलं: ‘सौ. भाविका जतीन राऊत व सासूबाई’.

घरात पुढे नियम ठरले. चिमट्याचं काम भाविकाचं, आणि काकी फुलं काढायला गेल्यावरच. बाकी सेवा काकींची. महाराजांचं नाव तेच राहिलं, तुळशीचं पान मात्र बंद झालं. कीर्तनातली ती मंडळी, क्रमाक्रमाने, दिवाळीपर्यंत संपली. काकींनी त्याबद्दल काही विचारलं नाही. भाविकानेही अर्धं काही सांगितलं नाही.

भाऊबीज झाल्यावर एक दिवस गंजाडहून मनिषचा फोन आला.

“काकी, एक विचारायचं होतं. आमच्या पेटीत कोणीतरी आहे.”

“कोण आहे?”

“तुमच्या मंडळींपैकी. त्या दिवशी भात्यात शिरला असणार. मी काळी दोन दाबली की तो पांढरी चार लावतो. मामा म्हणतात, राहू दे, सूर सोडत नाही. नैवेद्याचे कण खाऊन राहिला एवढे दिवस. पण आता त्याला घालायचं काय?”

नर्मदाकाकी ओटीच्या पायरीवर बसल्या.  मग पदराने डोळे पुसून, कोणी वैद्याने सांगावं तसं सांगू लागल्या.

“लिहून घे. गव्हाचा कोंडा, चाळून. गाजराची चकती, पातळ. पाण्याची वाटी ठेवू नकोस, बुडेल; कापूस भिजवून ठेव. एक दिवसाआड झाडायचं. बसायला पुठ्ठ्याच्या निऱ्या कर.”

“आणि एकादशीला, काकी? भगर चालेल?”

“मिरची घालून दे,” काकी म्हणाल्या, “म्हणजे तुलाच चावेल.”

झाली गोष्ट. त्या अख्ख्या मंडळीतून तरला तो हा एकटा, आणि तोही कीर्तनाला आल्यामुळे, असं नर्मदाकाकी सांगतात. त्यावर वाद घालायचं कारण दिसत नाही. आता उठता उठता एक मागणं आहे. पुढच्या एकादशीला पानात फराळ वाढून घ्याल, तेव्हा पहिल्या घासाआधी पेटीतल्या त्या एकट्या साथीदाराची आठवण ठेवा. आणि घरात ज्याला एकादशी कळत नाही असं जे कोणी असेल, त्याचं आधी वाढा.